अकरा सेकंद उशिरा

लढतीची वेळ मी मोजतो. घंटा माझी, स्टॉपवॉच माझं, आणि कोण किती वेळा आपटलं ते लिहायची वहीही माझीच. त्यामुळे माणूस स्वतःबद्दल काय सांगतो याकडे मी फारसं लक्ष देत नाही. तिसऱ्या फेरीत त्याचा पाय कुठे पडतो ते बघतो.

खिळा आमच्या क्लबचा बॉक्सर. अंगाने बारीक, पण एकदा रुतला की निघत नाही, म्हणून खिळा. वर्षापूर्वी त्याच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. त्याची थोरली बहीण डोळ्यांची डॉक्टर. तिनेच तो चिकटवून दिला आणि बजावलं, पुन्हा सुटला तर मी काही करू शकणार नाही. आता मोठ्या संघात जागा मिळवायला त्याला एक लढत जिंकायची होती, आणि डॉक्टरची सही असल्याशिवाय आयोजक त्याला दोरांच्या आत घेत नव्हते.

त्या रविवारी दुपारी ताईची दुसऱ्या गावी ड्यूटी होती. सही दिली ती अट घालून. लढतभर डोळा मला इथे स्पष्ट दिसला पाहिजे, फोन चालू पाहिजे, मी थांबवा म्हटलं की त्याला शिकवणाऱ्या मास्तरांनी टॉवेल आत टाकून लढत सोडायची. चित्र गेलं तरी टाकायचा.

चित्राचं काम आलं भाऊजींकडे, म्हणजे ताईच्या यजमानांकडे. हा गृहस्थ दिवसभर लोकांच्या लिफ्ट वर चढवतो आणि घरी आला की स्वतः तळमजल्यावर असतो. व्हिडिओचा नाद मात्र जबर. आयोजकांनी टीव्हीवाल्यांच्या गाडीचं नाव काढलं तेव्हा भाऊजी हसले आणि म्हणाले, त्या गाडीत जे काही असतं ते माझ्या पिशवीत मावतं. पिशवीत होता वाढदिवस टिपायचा कॅमेरा, लेकीचा अभ्यासाचा लॅपटॉप आणि घरातून काढून आणलेला राउटर. हॉलच्या ऑफिसातून खिडकीवाटे एक वायर ओढली, झालं.

पहिल्या चाचणीत चित्र फुटायला लागलं. ताई फोनवर म्हणाली की मला भाऊ दिसत नाही, बाथरूमच्या फरशा दिसतात. भाऊजींच्या हे जिव्हारी लागलं. त्यांनी मग व्हिडिओवाल्यांची नेहमीची युक्ती केली. पाणी आधी टाकीत साठवायचं आणि मग नळ सोडायचा, तसं चित्र पलीकडे थोडं साठवून मग दाखवायचं. वायरीत मध्येच अडलं तरी टाकीतलं पुरतं. टाकी त्यांनी मोठी ठेवली, चांगली अकरा सेकंदांची. चित्र आरशासारखं झालं. ताईने पापणीचे केस मोजले. मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच तिने नवऱ्याला शाबास म्हटलं असावं, कारण भाऊजी दोन दिवस ते शाबास खिशात घालून फिरत होते.

घोळ एवढाच होता की ही चाचणी त्यांनी खिळ्याला स्टुलावर बसवून घेतली. दहा मिनिटं तो पुतळ्यासारखा कॅमेऱ्यात बघत बसला. जो हलतच नाही तो उशिरा हलतोय हे कळणार कसं? आणि चित्र टाकीतून जात होतं तरी फोनवरचं बोलणं थेट होतं, हा फरक कोणाच्या डोक्यात आला नाही.

समोरचा होता कपाट. सामान वाहून नेणाऱ्या गाडीवर कामाला. स्वतःही त्याच घडणीचा. पहिल्या फेरीत खिळ्याने त्याचं नाक फोडलं. रक्त हनुवटीवरून छातीवर आलं आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या पर्सवर उडालं. तिने ती पुसली आणि आणखी मार म्हणून ओरडली. दुसऱ्या फेरीत कपाट सावरला. त्याने खिळ्याच्या बरगड्यांत दोन असे ठोसे घातले की दोन्हींचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. तरी फेरी खिळ्याचीच होती. खांबाला बांधलेल्या फोनमधून ताईचा आवाज येत होता, छान चाललंय, डोळा ठीक आहे.

दुसरी फेरी संपली. मी घंटा वाजवली, वहीत टिपलं, पेनाला टोपण लावलं, आणि फोनमधून, ताईकडच्या चित्रातली माझीच घंटा पुन्हा वाजली.

माझी घंटा मी ओळखतो. स्टॉपवॉच बघितलं. अकरा सेकंद.

मी कोपऱ्यात धावलो. भाऊजींचा चेहरा आधी उतरला, मग ते म्हणाले की उशीर काढायचा तर सगळं बंद करून परत लावावं लागेल, दोन मिनिटं चित्र जाईल. चित्र गेलं की टॉवेल. मास्तर टॉवेल गळ्यात टाकून माझ्याकडे असे बघत होते, जणू उशीर मीच आणला. खिळ्याने लाल पाणी बादलीत थुंकलं आणि फोनला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला, "ताईला सांगाल तर याद राखा. दोन फेऱ्या जिंकलोय मी."

कोणी सांगितलं नाही. त्यात माझंही नाव धरा. मीही घंटेपाशी जाऊन बसलो.

तिसऱ्या फेरीचं दीड मिनिट बरं गेलं. मग कपाटाचा उजवा हात डाव्या डोळ्यावर बसला. खिळ्याचं डोकं मागे गेलं, घामाचा फवारा दिव्यात दिसला. तो पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. दोरांना टेकून तो हात चालवत राहिला, पण कपाट ज्या बाजूला नव्हता त्या बाजूला. पंचाला वाटलं की पोरगा अजून लढतोय. कपाटाला मात्र कळलं. तो डावीकडे सरकला आणि त्याच जागी मारू लागला. एक, दोन, तीन. भुवई फाटली. चार. पाचव्याला खिळ्याने मान भलतीकडेच वळवली.

फोनमधून ताई म्हणाली, "मस्त. गार्ड वर आहे. असाच राहा."

मास्तरांच्या हातात टॉवेल होता आणि कान फोनकडे. सहा, सात. भाऊजी कॅमेऱ्याला डोळा लावून होते. झूम लावलेला, त्यामुळे तो डोळा आत्ता, या क्षणी कसा आहे हे बघणारा हॉलमध्ये तो एकच माणूस. त्यांनी लॅपटॉपची वायर ओढून फेकली. चित्र गेलं की टॉवेल, हे त्यांच्या मनात. पण टाकीत पाणी शिल्लक होतं. ताईला पलीकडे सगळं दिसतच होतं, आणि ती म्हणत होती छान.

मग लिफ्टवाले भाऊजी दोरांखालून आत शिरले. चष्म्यासकट. कपाटाचा बारावा ठोसा सुटलेलाच होता, तो त्यांना लागला. जबडा मोडल्याचा आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा येतो म्हणतात. खोटं आहे, ओल्या फांदीसारखा येतो. दोन दात माझ्या वहीवर येऊन पडले. पंचाने हात वर केले, मी घंटा बडवत सुटलो, आणि फोनमधून ताई किंचाळायला लागली, थांबवा, थांबवा.

डावा डोळा गेला. उजेड कळतो, बाकी काही नाही.

तीन आठवड्यांनी ताईने मला घरी बोलावलं, स्टॉपवॉच घेऊन. कॅमेऱ्याच्या कार्डात सगळी लढत होती. भाऊजी तारांनी बांधलेला जबडा घेऊन खुर्चीत बसले होते. खिळा पट्टी बांधून दाराशी उभा होता. तारा सुटल्या की दुसरी बाजू मी फोडणार, असं त्याने दवाखान्यात सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं, आणि भाऊजींनी मान हलवून ते मंजूरही केलं होतं.

ताई तिसरी फेरी लावेल असं मला वाटलं होतं. तिने दुसरी लावली. एक मिनिट चौदा सेकंदांवर थांबवलं, मागे नेलं, परत चालवलं. खिळा डावीकडून येणारा ठोसा बघायला हनुवटी वळवत होता. एकदा नाही, चार वेळा.

"त्या बाजूचं दिसेनासं झालं की माणूस अशी मान वळवतो," ताई म्हणाली. "हे त्या फरशांच्या चित्रातही दिसलं असतं. मला दिसलं होतं."

ती खिळ्याकडे वळली.

"तू जिंकत होतास रे. म्हटलं, ही फेरी संपू दे."

तेव्हा थांबवलं असतं तर, असं मी विचारलं. अर्धा तरी वाचला असता, ती म्हणाली. उरलेला त्या अकरा सेकंदांत गेला. तिने वेळ मला लिहून घ्यायला सांगितली. मी लिहिली.

खिळा पुढे आला. बहिणीपुढे उभा राहिला, मूठ वळलेली. तिने डोळे मिटले नाहीत. मग तो वळला आणि सगळं अंग घालून भाऊजींच्या जबड्यावर ठोसा सोडला.

हात चार बोटं अलीकडे संपला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा तेवढाच अलीकडे. एका डोळ्याला अंतर कळत नव्हतं.

भाऊजींनी खुर्ची पुढे सरकवली.