न ओलांडलेला पूल

सूनबाईचं काम दातांचं. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे आणि त्यावरून ती कवळ्या बनवायची. दिवसभर प्लॅस्टर, मेण आणि बारीक कोरण्या. एखाद्याला घरी आल्यावर ह्या सगळ्याचा वीट आला असता, पण ही जेवणाचं टेबल पुसलं की तसल्याच कोरण्या घेऊन लष्करी गाड्यांच्या प्रतिकृती जोडत बसायची. गाडी पंज्याएवढी, पण चाकाचा एकेक नट जागच्या जागी. नवरा म्हणायचा, "माझी बायको दिवसा दात करते आणि संध्याकाळी रणगाडे. हिच्याशी भांडायची माझी काय टाप?"

असा नाद असणाऱ्यांचं गावात एक मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते जमायचं. अध्यक्षांना सगळे 'कर्नल' म्हणत, ते केवळ मिशांमुळे. जन्मभर त्यांनी औषधांचं दुकान चालवलं होतं. मंडळात बाईमाणूस ही एकटीच. सगळे तिच्याशी नीट वागत, जरा जास्तच नीट, आणि तेच तिला खुपायचं. तिच्या कामाला कोणी नावं ठेवत नव्हतं, पण कोणी वादही घालत नव्हतं.

प्रदर्शनाआधी प्रत्येकाने आपल्या देखाव्याचा आराखडा मंडळासमोर मांडायचा, असा रिवाज होता. सूनबाईने सहा चाकांची चिलखती गाडी केली होती. तिच्यासाठी तिने चहाच्या ट्रेवर थर्माकोलचा तुटका पूल रचला. गाडी ट्रेच्या कडेला समांतर न ठेवता तिरकी ठेवली, म्हणजे ती आत्ता आत्ता वळलीय असं वाटावं. कठड्याचा एक तुकडा पाडला. सैनिकांच्या जागी तूर्तास काडेपेटीच्या काड्या रोवल्या. ट्रे दोन्ही हातांनी सांभाळत ती हॉलमध्ये गेली.

कर्नलांनी ट्रेभोवती एक फेरी मारली. "छान आहे. कुठल्या फोटोवरून घेतलंत?"

त्या 'छान'मध्ये काही दम नव्हता. कर्नल पुढच्या माणसाच्या आराखड्याकडे वळलेसुद्धा, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "फोटो कशाला हवा? माझे सासरे हीच गाडी चालवायचे. ह्या पुलावर होते ते."

कर्नल थांबले. मागच्या खुर्च्यांवरची माणसं उठून पुढे आली. कोणी विचारलं, कठडा आधीच पडला होता की गाडीने पाडला? कोणी म्हणालं, धूर दाखवा. पहिल्यांदाच तिच्या ट्रेवर डोकी वाकली होती. ती उत्तरं देत गेली.

खरं असं होतं, की सासरे लष्करात होते, युद्धाच्या काळातही होते, पण पिछाडीच्या दुरुस्ती-कारखान्यात. गाड्या धुवायचे. त्यांनी हे कधी लपवलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "आम्ही लढाईत पाण्याचा पाइप धरला," आणि विषय संपवायचे.

जिना उतरतानाच तिने जीभ चावली. पण मंडळी काही पाठ सोडेनात. "एकदा घेऊन या त्यांना," कर्नल दर बैठकीत म्हणायचे. तिने कधी त्यांचे गुडघे पुढे केले, कधी सर्दी. प्रदर्शन झालं की लोक विसरतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. ती स्वयंपाकघरात होती. सासऱ्यांनी दार उघडलं आणि तिला कर्नलांचा आवाज ऐकू आला. "तुम्हाला त्रास द्यायला आलो. त्या पुलाबद्दल तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं."

ती ओल्या हातांनीच बाहेर आली. कर्नल फळांची पिशवी घेऊन उभे होते, बरोबर मंडळाचे चिटणीस. सासऱ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, पण त्यांना काय ते कळलं.

"कुठला पूल?" एवढं ते म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तिचे दात तिच्या घशात गेले असते, पण मिटलं असतं.

"बसा," सासरे म्हणाले. खुर्चीत टेकून त्यांनी गुडघे चोळले. "पूल... हो. धूर फार होता."

आणि ते बोलू लागले. आधी अडखळत, मग सुसाट. चाकं कशी घसरत होती, शेजारच्या गाडीतल्या पोराने कसा हात दाखवला, गाडी एका बाजूला कशी कलली. त्यांनी हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं. चिटणीस तोंड उघडं ठेवून ऐकत होते. सूनबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिला वाटत होतं, जमिनीने पोटात घेतलं तर बरं. हा माणूस कसा, ते तिला ठाऊक होतं. नवरा लहान असताना शाळा बुडवून घरी राहिला, तर दुसऱ्या दिवशी ह्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, "ताप वगैरे काही नाही. झोपला होता." पोटच्या पोरासाठी जे केलं नाही, ते हे आज तिच्यासाठी करत होते.

निघताना कर्नल दारात ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. प्रदर्शनाचं उद्घाटन तुमच्याच हस्ते करू, म्हणाले.

दार लागल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी..."

"दूध उतू जातंय बघ," सासरे म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

संध्याकाळी नवऱ्याला कळलं तेव्हा तो आधी हसला. मग वडिलांच्या बंद दाराकडे पाहून त्याचं हसू विरलं. "तू काय शेण खाल्लंस हे," तो हळूच म्हणाला.

सकाळी सासरे गॅलरीत बसले होते. ती चहा घेऊन गेली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"बाबा, माझं चुकलं. लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी तुम्हाला वापरलं. वर तुम्हाला खोटं बोलायला लावलं."

"लावलंस, ते पहिल्या वाक्यापुरतं," ते म्हणाले. "परक्यांसमोर तुझं तोंड पडू नये म्हणून मी 'हो' म्हणालो. पुढचं सगळं माझं." त्यांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. "मला मजा आली, पोरी. ते ऐकत होते आणि मला थांबवेना. आणि ज्याने हात दाखवला म्हणून मी सांगितलं ना, तो पोरगा खरा होता. पुलावर तो होता, मी नव्हतो. त्याची गाडी नंतर माझ्याकडे आली धुवायला."

ती शेजारच्या स्टुलावर बसली.

"काही गाड्या बाहेरून धुवून भागायचं नाही. आतून धुवाव्या लागायच्या." ते कपाकडे बघत होते. "त्याची गोष्ट मी मजेत माझी म्हणून सांगितली, ह्याची रात्रभर मला लाज वाटत होती. तुझी नाही."

ह्या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती. पाण्याच्या पाइपच्या विनोदावर तीही सगळ्यांबरोबर हसली होती. पाइप धरून नेमकं काय धुतलं, हे विचारावंसं तिला एकदाही वाटलं नव्हतं. आपल्या खोट्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

पुढच्या बैठकीत ती उभी राहिली आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सासरे पुलावर नव्हते, गाड्या धुवायचे, खोटं मी बोलले, त्यांनी माझी लाज राखली. कोणीतरी फिस्सकन हसलं. कर्नलांचा चेहरा लालबुंद झाला. "मी सलाम ठोकला हो त्यांना," ते म्हणाले.

"तो परत घेऊ नका," ती म्हणाली. एवढं बोलून ती खाली बसली.

त्या दिवशी तिच्याबरोबर जिना कोणी उतरलं नाही.

घरी येऊन तिने पुलाचा थर्माकोल उचकटून काढला. नवा आराखडा करायचा होता, पण ह्या वेळी तिने आधी जाऊन विचारलं, "बाबा, गाड्या धुण्याची जागा केली तर चालेल? नको असेल तर नाही करत."

सासरे चष्मा लावून उठले. मग टेबलाशी येऊन बसले. धुण्याची जागा उताराची असते, म्हणाले. गाडी तिथे चढवून ठेवायची, म्हणजे पाणी एका बाजूने नाल्यात जातं. बोटाने ट्रेवर नाला कुठे ते दाखवलं. चिखल चाकांवर कमी आणि पोटाखाली जास्त असतो, म्हणाले. गाडीचं मागचं दार उघडं ठेवायचं का, असं तिने विचारलं. "उघडं ठेव," ते म्हणाले. "आत काही दाखवू नकोस."

प्रदर्शनात तो देखावा भिंतीकडेच्या टेबलावर लागला. उतारावर चढवलेली गाडी, उघडं दार, आणि आपल्याकडे पाठ करून पाइप धरलेला एक माणूस. बहुतेक लोक त्यावरून नजर फिरवून पुढच्या रणगाड्यांकडे जात. उद्घाटन कोणा दुसऱ्यानेच केलं. सासरे आले नाहीत, आणि तिनेही आग्रह केला नाही.

मधूनच कोणी थांबून विचारायचं, हा माणूस कोण?

"माझे सासरे," ती म्हणायची, आणि दर वेळी तिच्या कानांच्या पाळ्या तापायच्या.