ओल्या फरशीवरचा न्याय

मंगळवारी सकाळी आगरवाडीच्या गावदेवीपुढे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ऐरोलीच्या खालच्या अंगाला, खाडीला चिकटलेलं गाव. उंबरे शंभर, आणि शंभरही उंबऱ्यांची माणसं देवळात. आत जागा न मिळालेली खिडकीच्या गजांना लटकली होती. साल एकोणीसशे पासष्ट. गावात वीज येऊन वर्ष झालं होतं, पण ती देवळापाशीच थांबली होती. कान्हा भगताचा तसा कौल होता.

"पयला दिवा देवीचा," तो म्हणायचा. "तिच्या हुकमाबिगर घरात तार घेतली, तं मंग मना बोलू नका."

आणि देवीचा हुकूम मोडायची छाती कुणाची होती? तिचा झटका सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. गाभाऱ्यापुढे लोखंडी त्रिशूळ होता. ज्याच्यावर आळ आला त्याने अनवाणी, खाडीचं पाणी ओतलेल्या फरशीवर उभं राहायचं आणि ओल्या हाताने त्रिशूळ धरायचा. माणूस निर्मळ असला तर काही होत नाही. पापी असला तर देवी त्याला उचलून फेकते.

मागच्या मंगळवारी बाळारामला फेकलं होतं. दुसऱ्याचं जाळं उचलल्याचा आळ होता. तो पाच हात मागे पडला, दोन दिवस उजवा हात हलेना, आणि न केलेली चोरी त्याने रडत कबूल केली. त्याच दिवशी नामदेवाने मात्र त्रिशुळाला गळामिठी मारली आणि हसत खाली उतरला. नामदेवाला आगरातलं मीठ पोत्यांनी पळवताना निम्म्या गावाने पाहिलं होतं. आदल्या संध्याकाळी नामदेवाचा बोकड भगताच्या दारात बांधलेला होता, तोही निम्म्या गावाने पाहिला होता. पण बोकडाचा आणि देवीचा संबंध लावून बघायची गावाला सवय नव्हती.

आज पाळी धोंडूबाईची होती. दोन महिने जाळी रिकामी येत होती आणि भगताने सांगितलं होतं, "गावात एका बाईची नजर वाईट हाय." मासळी विकणारी, साठीला आलेली, निपुत्रिक आणि तोंडाची फटकळ विधवा. असा आळ घ्यायला गावाला याहून सोयीचं माणूस मिळालं नसतं. झटका बसला तर तिने दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, असं ठरलं होतं. जायचं कुठे, हे ठरलं नव्हतं.

खांबाला टेकून तिचा भाचा गोटीराम उभा होता. त्याच्या तळव्यांना घाम सुटला होता, आणि नेमका तोच आज त्याला नको होता.

गोटीराम वीस वर्षं मिठागरात राबला. तो राबायचा त्या आगराची जमीन कारखान्यासाठी गेली, तेव्हा चाळिशीतला हा माणूस होडीने पलीकडे मुलुंडला जाऊन ठाणं गाठू लागला. दर शनिवार-रविवार, तीन महिने वायरमनचा वर्ग. मग दोन महिन्यांचा मोटर दुरुस्तीचा. गाव त्याला "तीन महिन्यांचा इंजिनेर" म्हणायचं. हातात पक्कड होती, खिशात टेस्टर होता, सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं. काम मात्र एकही नव्हतं. देवळाची वायरिंगसुद्धा भगताने बाहेरून माणूस आणून करून घेतली. तेव्हा गोटीरामला नुसता राग आला होता. शंका आली ती मागच्या मंगळवारी.

वर्गातल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग दाखवला होता. बरणीतल्या साध्या पाण्यात दोन तारा सोडल्या, तर दिवा जेमतेम लालसर झाला. मग पाण्यात मूठभर मीठ टाकलं, आणि दिवा लख्ख पेटला. वीस वर्षं मीठ ओढलेल्या गोटीरामला तेव्हा आपलीच जुनी ओळखीची वस्तू परकी वाटली होती. बाळाराम उडून पडला तेव्हा त्याला ती बरणी आठवली. देवळाच्या दारातच गोड्या पाण्याची विहीर आहे. मग फरशीवर ओतायला खाडीचंच पाणी कशाला लागतं? आणि सगळ्यांना ओल्यात उभं करणारा भगत स्वतः कोरड्या ओट्यावर, त्यावरही लाकडी पाटावर का उभा असतो?

म्हणून आज पहाटे त्याने लॉरीची जुनी ट्यूब कापली आणि तिचे तुकडे पंक्चरच्या सोल्यूशनने तळव्यांना चिकटवले. कडा बोटांवर वळवल्या आणि वरून खाडीचा गाळ फासून कडक वाळवला. गाळाने काळ्या झालेल्या पायांकडे या गावात कोण बघतं? पण रबराला कुठे टाचणीएवढं भोक असलं, तर बघायला तो राहणार नव्हता.

"कोन हाय रं धोंडू? फुडं ये," भगत पाटावरून ओरडला.

"भगत, आते म्हातारी हाय," गोटीराम पुढे झाला. "तिच्या बदली मी हात लावतो. रक्ताचा मानूस बदली चालतो, ही गावाची रीत हाय."

भगताने त्याला खालीवर न्याहाळलं. घराघरात तार न्यायला निघालेला हा माणूस आपल्या पायाने चालत आला होता. "चालंल," तो गोड आवाजात म्हणाला. "पन झटका बसला तं दोघंबी गावाभायेर. तू आनि तुजी पक्कडबी."

"कबूल."

"मेल्या, घरात बारकी पोरं हायेत तुज्या," धोंडूबाईने त्याचा सदरा धरला. "माजं काय, मी खाडीच्या पलीकडंबी पाटी घेऊन बसंन."

"आते, सदरा सोड आनि लांब रहा. मना शिवू नको."

तो ओल्या फरशीवर चढला. भगताने घुमायला सुरुवात केली. "हिरीम् फिरीम्, खाडीची रानी, आभालाची कडाड, पाप्याला पाड!" या मंत्राचा अर्थ भगतालाही ठाऊक नव्हता, म्हणून तो दर मंगळवारी वेगळा असे.

सरांनी बजावलं होतं की वीज असलेल्या लोखंडाला तळहात लावू नये, मूठ आवळली जाते आणि मग सुटत नाही. लावायचाच झाला तर उलटा हात. गोटीरामने बोटांची मागची बाजू पुढे केली. बोटं लोखंडाला टेकली.

काहीच झालं नाही.

आता त्याने मूठ आवळून त्रिशूळ धरला आणि नजर भगताच्या पायावर ठेवली. भगताचा उजवा अंगठा पाटाच्या दोन फळ्यांमधल्या फटीत रुतला होता. एकदा दाबला, दोनदा दाबला, मग नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरला. घुमणं सुरू होतं, पण घाम आता भगताला फुटला होता.

"देवीनं कौल दिला," कुणीतरी म्हणालं. "धोंडू निर्मळ हाय." बघता बघता सगळं देऊळ तेच म्हणू लागलं. बायका धोंडूबाईच्या पाया पडायला निघाल्या.

भगत काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने अंगठा काढला आणि दोन्ही हात वर केले. "बगा, देवी परसन्न झाली! धोंडू निर्मळ निगाली!" मग वाकून गोटीरामच्या कानाशी कुजबुजला, "झालं ना तुज्या मनासारकं? आता गप उतर. फुडल्या मंगळवारी देवी घराघरात तारंचा हुकूम देल. समदं काम तुजं."

गोटीराम जागीच थांबला. आते सुटली होती, आणि शंभर घरांचं काम समोर होतं. फक्त खाली उतरायचं बाकी होतं. तो उतरायला वळला, तेव्हा त्याला गर्दीत बाळाराम दिसला, उजवा हात डाव्याने धरून बसलेला. आतेचा आजचा न्याय खरा मानला, तर बाळारामचा मागचा न्यायही खरा ठरत होता. आणि पुढच्या मंगळवारी या फरशीवर दुसरी कुणी म्हातारी असणार होती, जिला वायरमन भाचा नसेल.

"थांबा," तो म्हणाला. "हा कौल देवीचा नाय. हा लॉरीच्या ट्यूबचा हाय."

ओल्या फरशीवरून उतरून त्याने पाय वर केला आणि तळव्याचं रबर टरकावून काढलं.

"रबरातून वीज जात नाय. बाळारामच्या पायाला रबर नव्हतं, म्हनून तो पडला. चोर होता म्हनून नाय. बाळाराम, तो पाट उचल."

"पाटाला शिवलास तं देवी खाईल तुला," भगत किंचाळला.

"खाऊन झालंय तिचं मना," बाळाराम म्हणाला. त्याने खांद्याच्या धक्क्याने भगताला बाजूला केलं आणि चांगल्या हाताने पाट उलटा केला.

पाटाखाली दाराच्या घंटीचं बटण होतं. त्यातून एक तार निघून चुन्याखालून देवीच्या दिव्याकडे गेली होती, दुसरी थेट त्रिशुळाच्या बुंध्याला. गोटीरामने सगळ्यांना फरशीवरून मागे सरकवलं. खांबाशी ठेवलेल्या पिशवीतून दोन तारा लावलेला छोटा दिवा काढला, एक तार त्रिशुळाला बांधली आणि दुसरी खाऱ्या पाण्यात सोडली. मग कोरड्या काठीने बटण दाबलं. दिवा पेटला. सोडलं, विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा पेटला.

"आता सांगा, हा दिवा पापी हाय का निर्मळ?" त्याने विचारलं.

मागून एक म्हातारा हसला, आणि त्या हसण्याबरोबर भगताची देवी त्याच्या अंगातून कायमची उतरली. नामदेवाने स्वतःहूनच दाराकडची वाट धरली. भगताला खाली बसवून विचारलं, तेव्हा कळलं की तो भगत होण्याआधी तंबूतल्या सिनेमात तारा ओढायचं काम करत होता. वायरिंगवाला तिथलाच दोस्त.

गोटीरामने फ्यूज काढून खिशात टाकला. तेवढ्यात धोंडूबाई फरशीवर चढली, अनवाणी, आणि तिने भिजल्या हाताने त्रिशूळ घट्ट धरला. सगळे दोन पावलं मागे सरले. जुनी सवय.

"जाळी रिकामी येतात, कारन वरच्या कारखान्याचं घान पानी खाडीत येतंय," ती म्हणाली. "त्या पान्याला जाऊन इचारायला छाती लागते. माज्यासारख्या रांडमुंड बाईला इचारायला काय लागतंय?"

तिच्याकडे आणि बाळारामकडे कुणाला मान वर करून बघवेना.

गोटीराम तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मी काय मोठं केलं नाय. तीन महिन्यांत जे शिकलो तेवढंच. तुमाला तेवढंबी शिकायला नको. न्याय सांगनारा कोरड्यात आनि आपन ओल्यात, असं कुठंबी दिसलं, की आदी त्याला म्हना, बाबा, खाली ये, आमच्या शेजारी उभा रहा, आनि मंग लाव हात. तो आला, तं ऐका. नाय आला, तं पाट उलटा करा."

त्याने रबराचे दोन्ही तुकडे देवळाच्या चौकटीला खिळ्याने ठोकले. पुढची कित्येक वर्षं ते तिथे होते. त्यांना मात्र कुणी हळदकुंकू वाहू नये, यावर धोंडूबाईचा कडक पहारा असे.