अर्धी बैठक

सोमाजीने धोतराचा काचा घट्ट मारला, तलावाची पाळ उतरला आणि पाणी कमरेला लागेपर्यंत आत चालत गेला. तिथे ढिवरांनी जाळ्यासाठी रोवलेला बांबू होता. तो त्याने दोन्ही हातांनी धरला, दात आवळले आणि हळूहळू खाली बसू लागला. पाणी छातीपर्यंत आलं. डाव्या गुडघ्यात करकर झाली, पण ती रोजचीच होती. तो आणखी जरा खाली गेला, तेव्हा कुल्ल्यातून पोटरीकडे एक झणझण सुटली. तो तिथेच थांबला, आणि बांबूच्या आधाराने तसाच सावकाश वर आला. पाणी त्याला वर उचलत होतं. जमिनीवर एवढी मदत त्याने कोणाची घेतली नसती.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. पहाटेचा उजेड नुकताच फुटत होता आणि पाण्यावर धुकं तरंगत होतं.

"सोमाजी, कार्तिकस्नान का गा?"

पाळीवर बापूजी उभे होते. गावचे जुने पाटील, हातात तांब्या, खांद्यावर सोवळं. खरं सांगायचं तर गुडघ्याचं सांगावं लागलं असतं.

"हाव जी," तो म्हणाला.

बापूजींना भरून आलं. गेली कित्येक वर्षं ते सोमाजीला काकड्याला बोलावत होते आणि तो दरवेळी म्हणायचा, देवाले गरज असन त तो दंडार पाहाले येईन. आता देवाने त्याला कमरेएवढ्या थंड पाण्यात उभा केला होता. सूर्य डोक्यावर यायच्या आत ही बातमी गावभर झाली. देवळापुढून जाताना पुजाऱ्याने सोमाजीला बोलावून टिळा लावला. शेजारणीने प्रसाद आणून दिला. दुपारी जेवायला बसल्यावर ताटात नुसतं वरण-भात पाहून त्याने बायकोकडे पाहिलं.

"वांगे केले नाई?"

"कार्तिकस्नान करनाऱ्याले वांगं चालत नाई," रुखमाबाई म्हणाली. "कांदाही नाई."

तिला सगळं ठाऊक होतं. रात्री त्याच्या पोटरीला मोहाचं तेल चोळणारी तीच होती. पण तिचा चेहरा असा, की गावातल्या एकाही माणसाला त्यावरून काही वाचता आलं नसतं. सोमाजीने भात कालवला.

सिंदेवाहीच्या आसपासच्या मुलखात त्या काळी दंडारीला मान होता, आणि दंडारीत सोमाजीच्या गावाला. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरे, आणि मंडईत प्रत्येक गावाची दंडार नाचे. समोरासमोर दोन रांगा, पायांत चाळ, हातांत टिपऱ्या. इतर गावांची दंडारही चांगलीच होती, उगाच कोणाला नावं का ठेवा. पण सोमाजीच्या गावाची एक खूण होती. गाणं रंगात आलं की दोन्ही रांगा एकदम टाचांवर बसत आणि एकदम उठत, आणि तेवढ्या सगळ्या पायांतले चाळ मिळून एकच आवाज निघे. मागून एकही घुंगरू वाजत नसे. त्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून येत.

त्या रांगेत पहिला सोमाजी. त्याच्या आधी त्याचा बाप. तालमीत नव्या माणसाला तो एवढंच शिकवी, "गान्याकडं पाहू नको, लोकायकडं पाहू नको. पहिल्याकडं पाहा. तो जसा बसते, तशी रांग बसते." बाकीचं पायांना आपोआप येतं, असं त्याचं मत होतं.

पण यंदा दसऱ्याच्या तालमीत तो बसला आणि उठेना. गुडघा अडकला असता तर त्याने ओढून काढला असता. ही गोष्ट वेगळी होती. कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढावी तसं झालं आणि पाय आपला राहिलाच नाही. रांगेत त्याच्याशेजारी उभा असलेल्या पोचूने हात पुढे केला. पोचू तिशीतला, धानाचं पोतं हसत उचलणारा, उडी मारली की माणसं वर पाहत. सोमाजीनंतर रांगेतला पहिला तोच, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि सोमाजीसमोर कोणी बोलत नव्हतं.

"हात मागं घे," सोमाजी म्हणाला, आणि जमिनीला रेटा देऊन कसाबसा उठला.

त्या दिवसापासून तालमीत तो बाहेर उभा राहू लागला. "मी तुमचं पाहातो," असं म्हणे. आणि एके सकाळी मेहुण्याकडे जाऊन येतो असं सांगून छोट्या आगगाडीने चांदा शहराला गेला.

जटपुरा दरवाजाच्या आत लियाकत पहिलवानाचा आखाडा होता. लियाकत आता कुस्ती खेळत नव्हता, पण उतरलेले खांदे आणि निखळलेली हाडं बसवून घ्यायला लांबून माणसं त्याच्याकडे येत. त्याने सोमाजीला खाटेवर उताणं झोपवलं आणि डावा पाय सरळ धरून वर उचलला. थोडा वर गेला तोच सोमाजीने खाटेची दोरी मुठीत धरली.

"समजलं," लियाकत म्हणाला. "भाऊ, तुमचं दुखनं दोन किसमचं आहे. गुडघ्यात दुखते ते उमरचं. त्याले मनवता येते, रोज थोडंथोडं चालवलं त ऐकते. पन खाली जे झणझणते, ती नस आहे. तिच्यासंग जबरदस्ती नाई."

"म्हंजे दंडार सोडू?"

"सोडली त पाय आनखी जाम होईन. बैठका मारा, पन अर्ध्या. सुरुवातीले पान्यात उभं राहून मारा, अंगाचं वजन पानी घेते. झणझणलं की तिथीच रुका. उद्या तिथपर्यंत बिना झणझणता गेले, त समजा कमावलं."

"अन् पूरी बैठक कवा?"

लियाकत उठला. त्याने कडुलिंबाच्या फांदीला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरला आणि खाली बसू लागला. एकेकाळी या माणसाच्या बैठका पाहायला आखाड्याच्या भिंतीवर माणसं चढत. तो अर्ध्यात थांबला आणि दोराला धरून वर आला.

"इतकीच," तो म्हणाला. "पोरं यायच्या आधी सकाळीच मारून घेतो."

दोघेही हसले. परतीच्या गाडीत सोमाजीला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

तेव्हापासून तलाव सुरू झाला. पाण्याने खरंच काम केलं. करकर कमी झाली, रात्री झोप लागू लागली. पाण्याबाहेर काठावर, जमिनीवरही त्याला अर्धी बैठक जमू लागली, फक्त डावा पाय किंचित मागे ठेवून आणि अर्धा ठोका उशिरा टाकून. मग नस गप्प राही. एक हात कमरेवर दाबला तर आणखी बरं वाटे. पण अर्धीच्या खाली गेलं की तार पुन्हा तापायची. देवाकडे त्याने ती उरलेली अर्धी मागितली नाही. कार्तिकस्नानाचं पुण्य आपल्या खात्यावर खोटंच जमा झालंय, याची त्याला लाज होती.

मंडईच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला त्याने खुंटीवरचे चाळ काढले. बापाचे चाळ, पट्टा तीनदा बदललेला. सगळी रांग टाचांवर बसणार आणि पहिला माणूस मध्येच खुंटासारखा उभा राहणार. त्याच्या चाळांचा आवाज मागून एकटाच येणार. लोक हसले असते तर त्याने सोसलं असतं, पण त्या एका आवाजाला तडा आपल्यामुळे जावा हे त्याला सोसवणार नव्हतं. चाळ शेल्याच्या पदरी बांधून तो पोचूच्या घरी निघाला. रुखमाबाई दारात उभी राहून पाहत राहिली.

पोचूच्या अंगणात त्याची बायको भागीरथा धान वाळवायच्या चटया गुंडाळत होती.

"ते त तलावाकडं गेले," ती म्हणाली. "आजकाल संध्याकाळी रोजच जातात. काही सांगू का?"

"नाई. सहज आलतो."

तो परत फिरला, आणि खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. उद्या मंडईतच देऊ, नाचायच्या आधी, असं त्याने ठरवलं. सकाळी मात्र त्याने ते चाळ स्वतःच्याच पायांत बांधले. डावा पाय अंगठ्याकडे बधिर झाला होता. पट्टा घट्ट बसला की नाही हे हाताने चाचपून पाहावं लागलं.

दुपारी मंडई भरली. जिलबीचा धूर, गाड्यांची गर्दी, पाहुणे, नव्या लुगड्यांचा वास. आपल्या गावाचं नाव पुकारलं गेलं तेव्हाही चाळ देता आले असते. सोमाजी पोचूकडे वळलासुद्धा. पण पोचू टिपऱ्या काखेत मारून कमरेचा शेला आवळण्यात गुंग होता, आणि ढोलकी सुरू झाली. ढोलकी सुरू झाल्यावर मागे फिरणं सोमाजीच्या पायांना माहीतच नव्हतं.

गाणं चढत गेलं. पाय नीट पडत होते. मग ती जागा जवळ आली. ढोलकीवर थाप पडली आणि तो खाली गेला. अर्ध्यापर्यंत, डावा पाय मागे, हात कमरेवर. डोळे त्याने मिटून घेतले होते. आता बाकीचे आणखी खाली जातील, आणि मग त्याचा उशिरा पडलेला डावा पाय एकटा वाजेल.

आवाज एकच आला.

त्याने डोळे उघडले. समोरची रांग त्याच्याएवढ्याच उंचीवर थांबली होती. सगळ्यांचा डावा पाय मागे, सगळ्यांचा एक हात कमरेवर. त्याने बाजूला पाहिलं. धानाचं पोतं हसत उचलणारा पोचू अर्ध्या बैठकीत होता, आणि त्याचं तोंड समोर होतं. पुढच्या थापेला सगळे डावे पाय अर्धा ठोका उशिरा पडले आणि रांग एकदम वर आली. लोकांत गलका झाला. पुढे बसलेला दुसऱ्या गावचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "यंदा नवी चाल बसवली यायनं."

गाणं संपेपर्यंत सोमाजी नाचला. मग तो मैदानाच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला आणि चाळांचे पट्टे सोडू लागला. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा मोठं काहीतरी आलं होतं, त्याला त्याने वाट दिली नाही. पोचू पाणी घेऊन आला.

"कोनं सांगतलं तुले? रुखमानं?"

"कोनी नाई सांगतलं, भाऊ. कार्तिकस्नानाले गेलतो. पल्याडच्या काठावर. तिथून तुमी काठावर बैठका मारताना दिसले."

"एकटाच?"

"सारेच."

सोमाजी पाणी प्यायला. तांब्या रिकामा झाला तरी त्याने तोंडापासून काढला नाही.

"अन् संध्याकाळी तलावावर?"

"बैठका मारत होतो. अर्ध्यात थांबनं लय कठीन हाये, भाऊ. पूरी सोपी."

"मले झाकाले केलं?"

पोचूने नाही म्हणून मान हलवली. तो जमिनीकडे पाहत होता.

"झाकाले काऊन? पहिला जसा बसते, तशी रांग बसते. तुमीच सांगतलं."

मैदानात दुसऱ्या गावाची ढोलकी सुरू झाली होती. सोमाजीने चाळ नीट घडी करून शेल्याच्या पदरी बांधले. मग उजवा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. पोचूला कळायला जरा वेळ लागला.

"पाहून काय राह्यला? उठव मले."

पोचूने दोन्ही हातांनी तो हात धरला आणि सोमाजी उठला. डावा पाय जमिनीवर नीट टेकेपर्यंत त्याने पोचूचा खांदा सोडला नाही. मग दोघे जिलबीच्या दुकानाकडे चालू लागले. तिथे रुखमाबाई उभी होती, आणि तिचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"समोरच्या रांगेतल्या त्या वारलूचा डावा पाय लवकर पडते," चालता चालता सोमाजी म्हणाला. "त्याले सांग, दुखते असं समज अन् टाक."

"हाव भाऊ."

"अन् उद्या सकाळी अल्याडच्या काठावर या. तिथी बांबू आहे."