माझा बसका सूर

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे, आणि माझा एक सूर तीस वर्षं बसका होता. हसू नका हं! त्या सुरानं काय केलं ते ऐका, मग हसा.

जन्म माझा थंड मुलखातला. बोटीनं घानाच्या किनाऱ्यावर, केप कोस्टला आलो आणि चर्चच्या हॉलमध्ये उभा राहिलो. पहिल्याच वर्षी हरमॅटन सुटला, तो वाळवंटाकडचा कोरडा वारा, आणि माझं लाकूड तडकलं. मधला एक सूर उतरला तो उतरलाच. ऑन्टी मनसा मुलांना माझ्यावर शिकवायच्या. हरमॅटन आला की लाकूड सुकू नये म्हणून माझ्या पोटात पाण्याचं भांडं ठेवायच्या. म्हणायच्या, "हा सूर जरा आळशी आहे. त्याला रागवायचं नाही."

त्या मुलांतलीच एक एवुरामा. मोठी झाली, मैफली गाजवायला लागली आणि मेंदूवर संशोधनही करायला लागली. लोक म्हणायचे, "अगं, एक काहीतरी धर!" तिनं दोन्ही धरलं. हॉलमध्ये नवा कीबोर्ड आला, माझ्यावर खुर्च्या रचल्या गेल्या, तेव्हा तिनंच मला आपल्या प्रयोगशाळेत नेलं.

आणि मग ऑन्टींना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं गेलं. नजरही कुठेच ठरेना. त्यांचा मुलगा क्वामेना त्यांच्यासमोरच म्हणाला, "आईला काही कळत नाही, एवुरामा. नुसतं शरीर उरलंय. शनिवारी गावी नेऊन ठेवतो."

"त्याआधी एकदा माझ्याकडे आण," एवुरामा म्हणाली.

मेंदूतल्या हालचाली टिपणारी एक टोपी असते. तिची बटणं थेट डोक्याच्या कातडीला टेकावी लागतात, आणि ऑन्टींचे केस हे एवढे दाट! म्हणून वेण्या घालणारी अफिबा आली. बटणं बरोबर भांगात बसतील अशा बारीक वेण्या तिनं घातल्या आणि म्हणाली, "डॉक्टर, मशीन परदेशी असेल, पण चालतंय माझ्या फणीवर!"

ओळखीची धून ऐकताना सूर चुकला की पडद्यावरची मेंदूची रेघ टुणकन उडते. एवुरामा आधी नुसती प्रार्थनेची धून वाजवणार होती, मग मुद्दाम चुकणार होती. तिनं धून शंभरदा वाजवली, एकदाही न चुकता. तरी रेघ उडाली! दर वेळी एकाच जागी!

"मशीन बिघडलंय," क्वामेना म्हणाला.

एवुरामानं त्या जागची तेवढीच पट्टी दाबली. मान तिरकी केली. मग तारा जुळवणाऱ्या अंकल बेन्टसिलना हाक मारली. "अंकल, हा सूर चढवलात?"

"कालच! डॉक्टरच्या प्रयोगाला बेसूर पियानो? छे!"

"परत उतरवा."

"काय? डोकं फिरलं का गं तुझं?"

"उतरवा, अंकल. होता तसा."

त्यांनी कुरकुरत तार सैल केली. पुन्हा तीच धून, पुन्हा शंभरदा. रेघ शांत! मित्रांनो, जगाला माझा जो सूर चुकीचा, तो ऑन्टींना बरोबर वाटत होता! आत, त्या गप्प डोक्यात, त्या मला ओळखत होत्या. माझ्या तारांवर काटा आला. मेंदू वाचणारे पुष्कळ असतील, पण माझा आळशी सूर लहानपणापासून बोटांत मुरलेली एकच होती, एवुरामा.

क्वामेना गुडघ्यांवर बसला. "माआमे... तू ऐकत होतीस? मी गावाचं बोललो, तेही?"

शनिवारी तो गावी गेला नाही; उलट मलाच प्रयोगशाळेतून ऑन्टींच्या घरी घेऊन आला. आता रोज मक्याच्या पिठाचं गरम केंके कुस्करून भरवतो आणि मासळीबाजारातल्या गमती सांगतो. उत्तर येत नाही, तरी सांगतो.

म्हणून विनवतो, मित्रांनो, कुणी गप्प झालं तर त्याच्याबद्दल बोलू नका, त्याच्याशी बोला.

काल हरमॅटन सुटला. क्वामेनानं भांडं आणलं, माझ्या पोटात ठेवलं, पाणी ओतता ओतता थांबला आणि ऑन्टींकडे वळून म्हणाला, "माआमे, एवढं पुरे?"