कुंडीत वाटलेली चिलीम

मित्रांनो, मी एक जुनी दगडी कुंडी आहे. कोल्हापूरच्या एका तालमीत माझ्यात पैलवानांची थंडाई घोटली जाई. जोतिबाच्या डोंगरातल्या काळ्या दगडातून पाथरवटाने मला घडवले, ते शाहू महाराजांच्या राज्यात. तेव्हा घराघरात कुस्तीचे वेड होते. रोज बदामाचा वास लागून माझाही ताठा फार वाढला होता.

तालमीचा रिवाज असा, की नव्या पोराने सगळ्यांची थंडाई घोटायची. गडमुडशिंगीचा गुंडू आला आणि घोटायचा सोटा त्याच्या हाती गेला. पोरगा गुणी होता. पण आकाराम नावाचा थोराड सोबती त्याला चिकटला. बाकीचे आंघोळीला गेले, की हा माझ्यात दोघांपुरता भांगेचा पाला टाकी.

"घे की लेका! भितोस व्हय?"

एवढे ऐकले, की गुंडूला नाही म्हणवत नसे. पुढे पुढे तो आखाड्यात उभ्या उभ्या डुलू लागला.

ख्वाजा वस्तादांनी एकदा पाला पकडलाच. नशा करणाऱ्याला तालमीतून काढायचे, हा त्यांचा नियम. निरोप मिळताच गुंडूचे वडील हंबीरराव तणतणत आले आणि त्यांनी पोरावर हात उगारला.

"मारा आबा," गुंडू रडत म्हणाला, "पर तुमची गांजाची चिलीम रोज मीच भरून देतोय न्हवं?"

हंबीररावांचा हात खाली आला. त्यांनी कमरेची चिलीम काढून माझ्यात टाकली आणि सोट्याने तिचा भुगा केला. मी दगड, तरी मला शहारा आला. एवढा मानी माणूस पोरांदेखत मान खाली घालून बसला होता!

"वस्ताद, आजपासनं माझ्या घरात नशा न्हाय. पोराला ठेवून घ्या."

"ठेवतो. आकाराम मातुर जाईल."

"त्येचा बाप कुठं हाय?"

"त्येला कोन बी न्हाय."

हंबीरराव उठले. त्यांनी आकारामचा हात धरून त्याला आपल्याशेजारी उभे केले.

"मग ह्येचा बी बाप आलाय, असं समजा."

कुणालाही न भिणारा आकाराम तेव्हा हुंदके देऊन रडला. वस्तादांनी दोघांनाही ठेवून घेतले.

मित्रांनो, आता मी तालमीच्या परसात पडून आहे. पोर बिघडले की सोबत्याला शिव्या घालणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले. सोबत्यालाही आपला म्हणणारा तेवढा एकच पाहिला, आणि त्याचे नवल मला अजून वाटते. तुमचाही एखादा आकाराम असेल. त्याने दिलेले घेऊ नका, पण त्याला एकटा टाकू नका. घरी घेऊन जा आणि आईला म्हणा, आज अजून एक ताट वाढ.