पस्तिसावी रेघ

सप्टेंबरपासून आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने एकही सामना जिंकला नव्हता. नऊ खेळले, नऊ हरले. आमच्या तिसऱ्या विभागात खेळाडूंना शिष्यवृत्ती नसते. पोरं हौसेनं मार खातात.

चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे गेला की नाही हे मोजायची दहा यार्डांची साखळी मी मैदानाच्या कडेला धरतो. एकवीस वर्षं झाली. मैदानावर दर पाच यार्डांना रेघ असते. साखळी ज्या रेघेवरून जाते तिथे तिला क्लिप लावायची, म्हणजे मोजायला साखळी आत नेली तरी जागा चुकत नाही. माझी बायको अरव्हिला ऑगस्टमध्ये गेली. तिसऱ्या सामन्यात मी क्लिप लावायलाच विसरलो. क्रीडाप्रमुख कर्ट म्हणाला, "व्हर्लिन, पुन्हा असं झालं तर तुम्ही घरीच बसा."

घरी बसायची मला भीती वाटत होती.

शेवटच्या सामन्यात आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. एक मिनिट उरलं होतं. पाहुण्यांचा चौथा, शेवटचा प्रयत्न झाला आणि रेफरीने साखळी मागवली. दहा यार्ड भरले तर चेंडू त्यांच्याकडेच राहणार, नाहीतर सामना आमचा.

क्लिप साखळीवर होती. पण ती या खेपेला लावलेली की मागच्या खेपेची तशीच राहिलेली, मला आठवेना.

"साहेब," मी रेफरीला म्हणालो, "क्लिप बरोबर आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

"म्हातारा उभ्या उभ्या झोपला होता की काय?" पाहुण्यांचा प्रशिक्षक ओरडला.

साखळीचं दुसरं टोक धरणारा ड्वेन म्हणाला, "पस्तिसाव्या रेघेवर आहे. यानेच लावली."

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

"अरे, दर वेळी लावताना रेघेचा आकडा आणि तिचं नाव पुटपुटतोस की! आत्ताही म्हणालास, 'पस्तीस, अरव्हिला.' अख्खा हंगाम ऐकतोय. कान किटले माझे."

मला याचा पत्ताच नव्हता.

"माझ्याही लक्षात पस्तीसच आहे," रेफरी म्हणाला. "चला, ताणा."

चेंडू चार बोटं कमी पडला. आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून ओरडायला लागली.

कडेला उभा राहून सगळं ऐकणारा कर्ट धावत आला. "पुढच्या सप्टेंबरला वेळेवर या. आणि जरा मोठ्यानं बोलत जा, मलाही ऐकू येऊ दे."

मी बाकावर बसलो. ड्वेनने स्वतःसाठी आणलेला हॉटडॉग मीच खाऊन टाकला. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच मला भूक लागली होती.