धाकटीचा डावा डोळा

"हा डोळा कुणी सरळ केला?"

थोरलीनं विचारलं आणि हॉलमधली खिळे ठोकायची ठकठक थांबली. तीन वाजून गेले होते. चार वाजता प्रदर्शन उघडायचं होतं, आणि रविवारच्या चित्रकला वर्गातली झाडून सगळी मंडळी आपापली चित्रं भिंतीवर टांगण्यात गुंतली होती.

"मीच केला," शिडीवर चढलेले सर म्हणाले. "काल संध्याकाळी सगळ्यांच्या कामावरून शेवटचा हात फिरवला. तुमचं पोर्ट्रेट उत्तम झालंय हो मावशी, पण एक बुबुळ पार कानाकडे गेलं होतं. म्हटलं, बघणाऱ्याला वाटेल घाईत राहिलं. पाच मिनिटांचं काम होतं."

पाच मिनिटांचं काम! थोरलीला तो डोळा जमायला चार महिने लागले होते. अकरा वेळा काढला होता तिनं तो. दर वेळी वाळला की वर पांढरा हात मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अॅक्रिलिकचा एक खोडसाळपणा आहे, ओला असताना रंग फिकट दिसतो आणि वाळला की गडद होऊन बसतो. त्यामुळे जमलं की फसलं हे लगेच कळतच नाही. अकराव्या खेपेला ती वाळलेल्या चित्रासमोर गेली तेव्हा तिला एकदम रडूच फुटलं, कारण समोर धाकटी होती. तीच, हुबेहूब.

आणि या गृहस्थांनी ती पाच मिनिटांत घालवली होती.

थोरली मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची. एकाच कारखान्यात एकोणतीस वर्षं. छप्पन्नाव्या वर्षी तिनं या वर्गात नाव घातलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या, आता या वयात हे काय नवीन खूळ? वर्गातले बाकीचे डोंगर काढायचे, समुद्रातली जहाजं काढायचे, ज्यांनी जन्मात जहाज बघितलं नाही ते तर हमखास काढायचे. थोरली मात्र रोज डोळ्यासमोर असलेलंच काढायची. कापायच्या टेबलावर इस्त्री विसरल्यामुळे पडलेला जळका डाग काढला. पायाखाली घासून घासून चकचकीत झालेलं शिलाई मशीनचं पेडल काढलं. आणि तिसरं हे चित्र, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या धाकट्या बहिणीचं.

प्रत्येक चित्राशेजारी 'प्रेरणा' म्हणून एक कार्ड लावायचं होतं. थोरलीनं आपल्या अक्षरात लिहून दिलं होतं, 'ही माझी धाकटी बहीण. तिचा डावा डोळा तिरळा होता. ती अशीच बघायची.' आता तिथं छापील कार्ड होतं, 'प्रेरणा: स्त्रीच्या नजरेतील अनंत प्रतीक्षा.' जळक्या डागाखाली लिहिलं होतं, 'काळाच्या जखमा.' अहो, कसला काळ आणि कसल्या जखमा! बोलता बोलता इस्त्री उचलायची राहिली होती आणि मालकानं त्यावरून दोन दिवस डोकं खाल्लं होतं, एवढीच काय ती प्रेरणा.

"माझं कार्ड कुठंय?" तिनं विचारलं.

"जरा भाषा सुधारली." सर शिडीवरून उतरले. "आणि मावशी, व्यंग असं उघडं लिहू नये. बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही?"

"लोकांना! भिंतीवर माझ्या वर्गाचं नाव आहे. बघणारा म्हणेल, यांना साधे दोन डोळे एका रेषेत काढायला शिकवता येत नाहीत."

"मग खाली लिहा, हिला शिकवलं होतं पण ही ऐकत नाही म्हणून! माझी बहीण काही तुमच्या वर्गात नव्हती, तिला कशाला सुधारलीत?"

शेजारी आपलं जहाज टांगणारी औषधाच्या दुकानातली बाई मध्ये पडली. "जाऊ दे ना मावशी. सरांनी आपलेपणानं केलं. माझ्या जहाजाची तर अख्खी शिडं त्यांनीच काढलीयत."

"तुझं जहाज तुला लखलाभ," थोरली म्हणाली.

तिच्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि ती नुसत्या आजच्या दिवसाची नव्हती. धाकटी वीस वर्षांची असताना एका मोठ्या दुकानात काउंटरवर मुलगी हवी होती. अर्जाला फोटो लावायचा होता. वडिलांनी स्टुडिओवाल्याला जास्तीचे पैसे देऊन फोटोतला डोळा सरळ करून घेतला. बोलावणं आलं. आतल्या साहेबानं फोटो बघितला, धाकटीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि चार माणसांत विचारलं, "हा कुणाचा फोटो लावलाय तुम्ही?" धाकटी घरी आली, चप्पलसुद्धा न काढता थोरलीजवळ बसली आणि म्हणाली, "ताई, मी चोर ठरले गं." पुढं तिनं पंचवीस वर्षं टेलिफोनवर काम केलं. पुन्हा म्हणून कुणाला फोटो काढू दिला नाही. ती गेल्यावर भावानं घरातला एकमेव फोटो मोठा करून फ्रेम केला, आणि तो कुठला, तर तोच!

थोरलीला चित्र शिकायचं होतं ते एवढ्याचसाठी. जगात कुठंतरी एका जागी तरी धाकटी जशी होती तशी असावी. जहाजं गेली खड्ड्यात.

तेवढ्यात भाऊ आलाच. थोरलीपेक्षा धाकटा आणि धाकटीपेक्षा थोरला म्हणून त्याला घरी सगळे मधलाच म्हणायचे. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, बहिणीचं कौतुक करायला वेळेआधी आला होता बिचारा. चित्रासमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा ताई! काय सुंदर काढलीस गं! अगदी आपल्या फोटोसारखी!"

"बघा," सर म्हणाले. "घरची माणसं काय म्हणतात ते बघा."

थोरलीला वाटलं, आता आपण किंचाळणार. पण आवाज निघाला तो अगदी बारीक.

"फोटोसारखीच आहे रे. तिच्यासारखी कुठंय?"

"असं काय करतेस?" मधला गडबडला. "अगं, एवढं काही नव्हतंच तिला. उजवा डोळा जरासा इकडेतिकडे व्हायचा, तेवढंच. मुद्दाम तेच कशाला दाखवायचं?"

"डावा," थोरली म्हणाली.

"काय?"

"डावा होता. अठ्ठेचाळीस वर्षं तुझ्यासमोर वावरली ती. डावा डोळा होता तिचा."

मधल्यानं चित्राकडं बघितलं, पण तिथं त्याला सांगणारं काही उरलं नव्हतं.

थोरलीनं चित्र खिळ्यावरून काढलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. ती थेट कारखान्यातून आली होती, पिशवीत रेक्झिनवरचा गोंद काढायची स्पिरिटची बाटली आणि चिंध्या होत्याच. चिंधी बोटाला गुंडाळून तिनं स्पिरिटमध्ये बुडवली आणि सरांच्या बुबुळावर टेकवली.

"मावशी! अहो, वीस मिनिटांत प्रमुख पाहुण्या येतायत!"

"येऊ देत की. मी कुठं अडवलंय?"

कालचा रंग अजून कच्चा होता, तो सुटायला लागला. खालून तिचं जुनं बुबुळ डोकावलं. क्षणभर एकाच डोळ्यात दोन बुबुळं दिसली, एक सरांचं, एक तिचं. तिनं हात अगदी हलका केला, श्वास रोखून धरला, तरी एक फेरा जास्तीचा पडलाच. दोन्ही बुबुळं गेली. चार महिन्यांचं काम चिंधीला लागलं आणि डोळ्याच्या जागी नुसता राखाडी डाग राहिला.

औषधवाली "अरे देवा" म्हणाली. सरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, हे तुम्हीच ओढवून घेतलंत.

"ब्रश द्या," थोरली म्हणाली. "बारीकातला बारीक. आणि तपकिरी, पांढरा, काळा."

ब्रश आणून दिला तो औषधवालीनं. थोरलीनं रंग कालवला, मनातल्या शेडपेक्षा थोडा फिकटच ठेवला, आणि बाराव्यांदा तो डोळा काढायला घेतला. या वेळी पुसून पुन्हा काढायची सोय नव्हती. समोर फोटो नव्हता, धाकटी नव्हती, होती ती फक्त आठवण, आणि तीही आता घरात एकट्या तिच्याकडेच शिल्लक होती. तिनं मनगट टेबलाला टेकवून धरलं. मधला समोर उभा होता, पण त्याला विचारण्यात काही अर्थच नव्हता.

चित्र परत टांगलं तेव्हा डोळा अर्धा ओलाच होता. वाळल्यावर धाकटी दिसणार की भलतीच कुणी, हे थोरलीला खरंच सांगता आलं नसतं. तिनं 'अनंत प्रतीक्षा' ओढून काढली आणि कोऱ्या पाठीवर पेनानं आपली तीन वाक्यं पुन्हा लिहून लावली. सर तोंड फिरवून दाराशी गेले.

पाहुण्या आल्या. कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सरांनी त्यांना जहाजांसमोर बराच वेळ थांबवलं, डोंगरांसमोर त्याहून जास्त, आणि थोरलीच्या चित्रांवरून "आणि इकडे, मॅडम" म्हणत भरभर पुढं काढलं. पण बाई धाकटीसमोर आपल्याआपण थांबल्या. पर्स सावरून त्यांनी चित्राकडं बघितलं, आणि मग मान वळवून मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं. त्यांनी पुन्हा चित्राकडं बघितलं आणि पुन्हा एकदा खांद्यावरून मागं.

धाकटीशी पहिल्यांदा बोलणारं प्रत्येक माणूस हेच करायचं. दुकानदार, डॉक्टर, नवे शेजारी, सगळे. ही नक्की कुणाशी बोलतेय म्हणून एकदा मागं वळून बघायचे.

मधल्यानंही ते बघितलं. त्यानं मान खाली घातली.

थोरली पुढं झाली. "मागं कुणी नाही हो," ती बाईंना म्हणाली. "ती तुमच्याकडंच बघतेय."

बाई जरा ओशाळल्या, आणि मग नीट समोर उभ्या राहिल्या.